१२ फेजचा बोर्ड, ४२ अंशांची खोली

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ अंशांवर गेला की दुरुस्तीला येणाऱ्या डेस्कटॉपची तक्रार ठरलेली असते: सकाळी नीट चालतो, दुपारी रडतो, मध्येच बंद पडतो. पंखा साफ होतो, प्रोसेसरची पेस्ट बदलली जाते, तक्रार तिथेच राहते. कारण तापलेला भाग प्रोसेसर नसतोच. त्याला हवं तेवढं व्होल्टेज करून वीज पुरवणारं सर्किट म्हणजे व्हीआरएम, बोर्डावरची इतर कामं सांभाळणारा चिपसेट आणि अलीकडे बोर्डावर आडवी बसणारी स्टोरेजची पट्टी, एम.२ एसएसडी, हे ते शेजारी.

४८६च्या सुरुवातीच्या प्रोसेसरना ५ व्होल्ट थेट चालायचे, त्यामुळे मदरबोर्डाला तापायला फारसं कारण नव्हतं. १९९४मध्ये ३.३ व्होल्टचे पेंटियम आले आणि अनेक बोर्डांवर काळ्या पत्र्याचा लिनियर रेग्युलेटर दिसू लागला. तो जास्तीचं व्होल्टेज नुसतं जाळतो. ५चे ३.३ करताना ३ अँपिअरला ५.१ वॉट वाया. १९९७च्या एमएमएक्स पेंटियमला गाभ्यासाठी २.८ व्होल्ट हवे होते, म्हणजे जाळायचा फरक आणखी वाढला. तेव्हा वीज झपाट्याने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणाऱ्या स्विचिंग सर्किटला पर्याय उरला नाही. २०००मध्ये पेंटियम ४सोबत ४ पिनांची वेगळी १२ व्होल्ट वायर आली आणि आजच्या व्हीआरएमचा सांगाडा तिथे ठरला.

मराठवाड्यातल्या गावोगावी असेंबल केलेले कॉम्प्युटर पोचले ते यानंतरच्या दशकात. त्या काळच्या बोर्डांवर मॉसफेट, म्हणजे व्हीआरएममधले चालू-बंद करणारे स्विच, उघडे असत; उष्णता पसरवणारा धातूचा ठोकळा, हिटसिंक, त्यांच्यावर नाही. हा निष्काळजीपणा नव्हता. प्रोसेसरसोबत येणारा गोल कूलर हवा खाली बोर्डावर मारायचा, ती आपटून चारी बाजूंना पसरायची, आणि मॉसफेट, त्यांच्या शेजारची तारेची गुंडाळी म्हणजे चोक, आणि प्रोसेसरला मेमरी-ग्राफिक्सशी जोडणारी नॉर्थब्रिज चिप त्यात फुकट गार व्हायचे. हा हिशेब बोर्ड बनवणाऱ्यांनी गृहीत धरला होता. हा हिशेब बिघडायचा तो वापरणाऱ्याच्या टोकाला. २००४नंतरच्या कूलरच्या चार प्लास्टिकच्या खिळ्यांपैकी एक निसटला तर कूलर तिरका बसायचा. नाहीतर कापसाच्या हंगामात जिनिंगचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ यांची पंख्याखाली चक्क गोधडी तयार व्हायची. त्यात लोडशेडिंग. वीज गेली की यूपीएसवर कॉम्प्युटर चालू आणि छताचा पंखा बंद.

त्याच काळात बोर्डावरचे कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणाऱ्या छोट्या डब्या, आतल्या सदोष इलेक्ट्रोलाइट द्रवामुळे जगभर फुगले. टोपीवरची फुली उचललेली, बुडाशी तपकिरी डाग. दोष रसायनाचा होता, पण उष्णतेने दिवस आणखी लवकर भरत. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. १०५ अंशांना २,००० तासांचा कपॅसिटर ६५ अंशांवर ३२,००० तास जातो, ८५ अंशांवर ८,०००. रोज १० तास, वर्षाला ३०० दिवस चालणाऱ्या झेरॉक्सच्या दुकानात पहिला दहा वर्षांवर टिकेल, दुसरा तीन वर्षांच्या आतच कुरकुरेल. पुढे सॉलिड कपॅसिटर आले आणि ही डोकेदुखी बरीच कमी झाली.

नॉर्थब्रिजचा प्रश्न आपोआप सुटला. मेमरी कंट्रोलर आणि मग ग्राफिक्सची लेन प्रोसेसरमध्ये गेली आणि २००९पासून ती चिप नाहीशी होऊ लागली. तिच्यावरचे ४० मिलिमीटरचे पंखे दोन-तीन वर्षांत घरघरून बसत. पीसीआय एक्सप्रेस ४.० आल्यावर, २०१९मध्ये, एक्स ५७० चिपसेटवर पंखा परत आला. त्या चिपची उष्णता ११ वॉटच्या आसपास. २०२१मध्ये मोठे हिटसिंक लावून तो पंखा पुन्हा काढला गेला. मग आधीच का नाही काढला, हे विचारायला हरकत नाही.

खरी गुंतागुंत 'फेज' या शब्दाने केली. आपल्याकडे फेज म्हटलं की शेतकऱ्याला थ्री फेज कधी येणार हे आठवतं. बोर्डाच्या खोक्यावरच्या '१२ फेज'चा त्याच्याशी काही संबंध नाही. इथे एक फेज म्हणजे दोन मॉसफेट, त्यांना चालू-बंद करणारा ड्रायव्हर आणि एक चोक. हे संच आळीपाळीने काम करतात. वाद असा की कंट्रोलर चिपला ६ फेजचेच सिग्नल देता येत असताना, प्रत्येक सिग्नल डबलरने (एकाचे दोन करणाऱ्या चिपने) किंवा थेट दोन संचांना देऊन खोक्यावर १२ छापणं खरं की खोटं?

उत्तर विचारणाऱ्यावर अवलंबून आहे. व्होल्टेजमधली लहर किती कमी होते, हा प्रश्न असेल तर एकत्र चालणारे दोन संच एकच फेज मोजावे लागतात. उष्णतेसाठी मात्र संचांची संख्याच खरी. १०० अँपिअर ४ संचांत वाटले तर प्रत्येकाला २५. ८ संचांत वाटले तर १२.५. वहनातला तोटा प्रवाहाच्या वर्गाने बदलतो, म्हणून प्रत्येक संचात तो चौथा हिस्सा होतो आणि एकूण निम्मा. स्विचिंगचा तोटा मात्र संचांसोबत वाढतो, त्यामुळे संख्या कितीही वाढवून चालत नाही. म्हणजे १२ हा आकडा अगदीच फसवा नाही, पण एकटा तो काहीच सांगत नाही. भारी मॉसफेटचे ६ संच हलक्या मॉसफेटच्या १२ संचांपेक्षा थंड राहू शकतात. '१२+२' लिहिलेलं असेल तर नंतरचे २ ग्राफिक्स किंवा इतर भागांचे, गाभ्याचे नव्हेत. खोक्यावर कंट्रोलर आणि मॉसफेटचे नंबर छापले असते तर वाद उरलाच नसता. पण नंबर छापले तर मोठा आकडा विकता येत नाही.

प्रोसेसरला १०० वॉट पोचवताना ९० टक्के कार्यक्षमतेचं व्हीआरएम ११ वॉट उष्णता टाकतं, ८५ टक्क्यांचं सुमारे १८. ही उष्णता आता फुकटात जात नाही. टॉवर कूलर हवा मागे फेकतो, लिक्विड कूलर तर रेडिएटरपाशी, आणि मॉसफेटवरून हवेचा झोत निघून गेला. तेव्हा बोर्डावर हिटसिंक आले. काही वर्षं त्यांना हवेत उष्णता सोडणाऱ्या पात्या नव्हत्या, वर प्लास्टिकचं झाकण होतं. असा ठोकळा उष्णता साठवतो, सोडत नाही. समीक्षेत २५ अंशांच्या खोलीत ७५ दिसलेलं तापमान ४२ अंशांच्या खोलीत ९०च्या पुढे जातं. मॉसफेट ते सोसतो, त्याच्या शेजारचा कपॅसिटर कुरकुरतो.

इथला उपाय म्हणजे पाण्याचा कूलर, आणि त्याचा थेट झोत सीपीयूवर ठेवायची सवय. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. थेंब बोर्डावर वाळले की पांढरी खपली उरते आणि दमटपणात तिच्यातून करंट गळतो. कूलर सहा-सात फुटांवर, सीपीयूकडे तोंड नसलेला, खिडकी उघडी असावी. २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी ओतण्याचा विचारही चैनीचा होता.

उरतं थर्मल पॅड, म्हणजे मॉसफेट आणि हिटसिंकच्या मधली उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी. जुना पॅड दाबला न गेलेल्या कडेला व्हर्नियरने मोजावा: ०.५, १, १.५ किंवा २ मिलिमीटर. जाड लावला तर हिटसिंक उचलला जातो, पातळ लावला तर मॉसफेटला टेकतच नाही. १ मिलिमीटरच्या फटीत पॅडऐवजी पेस्ट भरणं व्यर्थ आहे. आधी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं, स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळावेत, मग एकदा उघडून पॅडवर प्रत्येक मॉसफेटचा ठसा उमटला का ते पाहावं. एम.२ एसएसडीच्या पट्टीखालच्या पॅडची पारदर्शक पन्नी काढायची राहून गेलेली असते, हे सगळ्यांत जास्त वेळा सापडतं.