जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र

जन्मजात व्यंग, दिव्यांगत्व किंवा वाढीत उशीर असलेल्या बालकांची तपासणी व उपचार एका छताखाली करणारे सरकारी केंद्र. ते बहुधा जिल्हा रुग्णालयाच्या आवारात असते. बोलताना सर्रास 'डीईआयसी'. ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा ते भाग आहे, तो ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरहून सुरू झाला (पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते). कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असला, तरी केंद्राचा मुख्य भर पहिल्या ६ वर्षांवर असतो.

मूल इथवर पोहोचते ते आशाताईंच्या गृहभेटीतून किंवा वर्षातून दोनदा अंगणवाडीत येणाऱ्या फिरत्या पथकामुळे. खरी अडचण बहुधा त्याआधीची, घरातली असते. 'याचे वडीलही उशिराच बोलले' हे वाक्य ऐकून मूल दोन वर्षांचे होते, आणि ऐकूच येत नसल्याचे तोवर कोणाच्या ध्यानात येत नाही.

तपासणीची साधने साधी असतात: लाल लोकरीचा गोंडा, खुळखुळा, ठोकळे. गोंड्यामागे नजर फिरते का, मान धरली का, चिमटीत मुरमुरा उचलता येतो का, हे पाहिले जाते. त्रिवेंद्रम विकास तक्त्यात अशा १७ गोष्टी आहेत. बाळाच्या वयाच्या महिन्यावर पट्टी उभी धरायची; पट्टीच्या डावीकडची एखादी गोष्ट जमत नसेल, तर बाळाला पुढे पाठवायचे. तक्ता निदान करत नाही, शंका दाखवतो.

केंद्रात बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, श्रवण व वाचा उपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक अशी पदे असतात. आठवड्यातला तासभर उपचार मात्र पुरेसा नसतो. म्हणून चांगला थेरपिस्ट निम्मा वेळ आईलाच शिकवतो: मालीश करताना पाय कसे हलवायचे, भरवताना मान कशी आधारायची.

पाठपुरावा किती महत्त्वाचा, हे वाकड्या पावलांच्या उपचारात स्पष्ट दिसते. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला नवे प्लास्टर घालून पाऊल वळवत आणतात. बऱ्याचदा टाचेची शीर छोटा छेद देऊन सैल करावी लागते. मग पट्टीने जोडलेले बूट, तीन महिने जवळपास दिवसभर आणि पुढे चारेक वर्षे झोपताना. पाऊल सरळ दिसू लागले की मूल रडते म्हणून हे बूट सुटतात. पाऊल पुन्हा वळण्याचे मुख्य कारण हेच.