दहा गुंठे भात आणि डासाच्या पोटातले बारा दिवस

परवा एका दहावीच्या मुलाची प्रकल्पवही पाहत होतो. कापूस वेचणारे गुलाम छान रंगवले होते आणि खाली लिहिलं होतं, 'अमेरिकेतील वसाहती, इ. स. 1700'. अमेरिकेतली गुलामगिरी म्हटली की मोठ्यांच्याही डोळ्यांपुढे कापूसच येतो. पण सरकी काढायचं यंत्र आलं 1793 साली, आणि कापसाचं राज्य त्यानंतरचं. तोवर वसाहती इंग्लंडपासून सुटल्या होत्या. 1700 च्या सुमारास व्हर्जिनियात तंबाखू होती, साउथ कॅरोलिनात भात नुकता मूळ धरत होता, आणि न्यूयॉर्कमध्ये गुलाम माणसं धक्क्यावर ओझी वाहत होती, घरोघरी राबत होती.

तंबाखूला सतत हात लावावा लागतो. शेंडे खुडा, फुटवे काढा, अळ्या वेचा. म्हणून तिथे मुकादमाच्या नजरेखाली टोळीनं काम, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. कॅरोलिनाच्या भातखाचरांत रीत वेगळी होती. माणशी रोजचं काम नेमून दिलेलं असे: साधारण पाव एकर, म्हणजे आपले दहा गुंठे बेणायचे. ते झालं की उरलेला वेळ त्याचा, त्यात स्वतःचा भाजीचा तुकडा कसायचा. ही मालकाची दया नव्हती. काम चिखलात उभं राहून, आणि सुगी झाली की कांडण. ओंडका कोरून केलेलं उखळ, लाकडी मुसळ, दिवसाच्या कामाआधी आणि नंतर. घाव जोरात बसला की कणी होते आणि भाव पडतो, हे कोकणात कुणाला सांगायला नको.

या रीतीत मालक रोज बांधावर उभा नसे. का नसे? याचं एक मोठं कारण डास, आणि मला सगळ्यांत जास्त बोलायचंय ते त्याच्याबद्दल.

मलेरियाचे दोन परजीवी अमेरिकेत पोचले. व्हायवॅक्स इंग्लंडच्या दलदलींतून गोऱ्यांच्या रक्तात आला. जास्त जीवघेणा फाल्सिपेरम आफ्रिकेतून जहाजांबरोबर. डास चावून परजीवी त्याच्या पोटात गेला की लगेच पुढे पसरत नाही, आधी तिथे वाढतो. फाल्सिपेरमला त्यासाठी 25 अंश तापमानात सुमारे 12 दिवस लागतात, 20 अंशांत जवळपास चार आठवडे, आणि 18 च्या खाली वाढ जवळजवळ थांबते. डास इतके दिवस जगतच नाही. म्हणून उत्तरेकडच्या वसाहतींत फाल्सिपेरम टिकला नाही. कॅरोलिनाच्या पाण्यानं भरलेल्या खाचरांत मात्र तो माजला. उन्हाळा लागला की मालक कुटुंबासह शहर गाठी आणि थंडी पडल्यावर परते.

आता रक्तात शिरू. व्हायवॅक्स तांबड्या पेशीत घुसतो तो मुख्यतः डफी नावाच्या प्रथिनाला धरून. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेकांच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं, त्यामुळे तांबड्या पेशींवर हे प्रथिन तयारच होत नाही. फाल्सिपेरमविरुद्ध काहींना सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा, आई किंवा बाप एकाकडूनच आलेला, एक जनुक आधार देतो: परजीवी शिरलेली पेशी वाकते आणि प्लीहा तिला लवकर गाळून टाकते. गडचिरोली, नंदुरबारमध्ये सिकलसेल आढळतो त्यामागेही मलेरियाच आहे.

जनुकं तेव्हा कुणाला ठाऊक नव्हती, पण या तापांना आफ्रिकी लोक कमी बळी पडतात यावरून 'आफ्रिकी शरीर अशा कामासाठीच घडलंय' असं मळेवाले म्हणत, आणि ते साफ खोटं होतं. सिकलसेलचा जनुक थोड्यांकडेच असतो. आईबाप दोघांकडे असेल तर प्रत्येक मुलाला पूर्ण आजार होण्याची शक्यता चारात एक. भातमळ्यांवर मुलं फार मरत. व्हर्जिनियात अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातच गुलामांमध्ये मृत्यूंपेक्षा जन्म जास्त झाले, कॅरोलिनात मात्र नवी जहाजं येत राहिली म्हणून संख्या वाढत होती. विज्ञानाच्या नावानं पुढे काय काय खपवलं गेलं! 1851 मध्ये कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं गुलामानं पळून जाणं हा मानसिक आजार ठरवून त्याला नावही दिलं.

डासानं गुलामगिरी निर्माण केली, असं मात्र कुणी समजू नये. आई गुलाम तर मूल गुलाम, हा व्हर्जिनियाचा 1662 चा कायदा माणसांनी लिहिला. न्यूयॉर्कमध्ये तर भातही नव्हता आणि फाल्सिपेरमही. तिथे 1991 मध्ये मॅनहॅटनमध्ये इमारतीचं काम काढताना आफ्रिकी लोकांचं जुनं दफनस्थान लागलं. चारशेहून जास्त सांगाडे निघाले, त्यांत कितीतरी लहान मुलांचे. मोठ्यांच्या हाडांवर, जिथे स्नायू जोडलेले असतात तिथे, अतोनात ओझी उचलून पडलेल्या खुणा अजून दिसत होत्या.