सीमेवरच्या तपासणी नाक्याचा विस्तार: पर्यावरण मंजुरीचा अर्ज नेमका कुठे अडतो

इंदूरमध्ये बसून मध्य प्रदेशाबाहेरच्या प्रकल्पांची कागदपत्रे तयार करणारे आपल्यातले काही अभियंते आणि लहान सल्लागार आता देशाच्या सीमेवरील एकात्मिक तपासणी नाक्यांच्या (प्रवासी आणि माल यांची सगळी तपासणी एकाच आवारात करणाऱ्या ठाण्यांच्या) विस्ताराची कामे घेऊ लागले आहेत. त्यांच्या परत आलेल्या फाईली अधूनमधून माझ्याकडे वाचायला येतात. त्या वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, ती ही की अर्ज नदी, झाडे किंवा धूर यांच्यामुळे क्वचितच अडतो. अर्जदाराने नियमातली सवलत अर्धी वाचलेली असते आणि उरलेला अर्धा भाग अर्ज तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीने वाचलेला असतो. पुढील माहिती त्या उरलेल्या अर्ध्या भागाविषयी आहे.

सीमेवरचे हे नाके भारतीय भूमि पत्तन प्राधिकरणाच्या अखत्यारीत येतात. २०१० च्या कायद्यानुसार हे प्राधिकरण १ मार्च २०१२ रोजी अस्तित्वात आले आणि त्याच वर्षी अटारीचा पहिला नाका सुरू झाला. अर्जदार म्हणजे हे प्राधिकरण किंवा त्याने नेमलेली बांधकाम यंत्रणा. ठेकेदार नव्हे, आणि सल्लागारही नव्हे. सल्लागार अहवाल तयार करतो, आणि त्यासाठी त्याच्याकडे त्या क्षेत्राची नॅबेटची (सल्लागारांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असावी लागते. अर्ज केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर भरायचा असतो. तो साधारणपणे ज्या राज्यात जमीन आहे त्या राज्याच्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘सिया’कडे, जातो. कंपनीचे कार्यालय इंदूरला आहे म्हणून फाईल भोपाळच्या ‘सिया’कडे जाईल, असे गृहीत धरणारे लोक अजूनही भेटतात, आणि ते नवशिकेच असतात असेही नाही.

पहिली मोठी अडचण क्षेत्रफळाची आहे. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेच्या अनुसूचीत तपासणी नाका असा वेगळा प्रकारच नाही, त्यामुळे तो बांधकाम प्रकल्पांच्या आठव्या नोंदीखाली येतो. बांधीव क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा अधिक असेल तर ८(अ), आणि १,५०,००० चौरस मीटरपासून पुढे किंवा जमीन ५० हेक्टरपासून पुढे असेल तर ८(ब). आता समजा, जुन्या नाक्याचे बांधीव क्षेत्र १४,००० चौरस मीटर आहे आणि नव्या मालगोदामासह प्रवासी इमारतीचे ९,००० आहे. बरेच जण फक्त ९,००० हा आकडा लिहितात आणि मंजुरी लागत नाही असे टिपण फाईलला जोडून मोकळे होतात. अधिसूचनेचा दुसरा परिच्छेद मात्र विस्तार आणि आधुनिकीकरण या दोन्हींचा स्पष्ट उल्लेख करतो, आणि विस्तारानंतर मर्यादा ओलांडली जाते का, हे पाहायला सांगतो. बेरीज २३,००० होते, म्हणजे मंजुरी लागते.

याच्या उलट चूकही तितकीच होते. मूळ अधिसूचनेत उघड्यावरच्या सुविधांसाठी वापरातले क्षेत्र मोजायला सांगितले होते, त्यामुळे मालमोटारींचे वाहनतळ बांधीव क्षेत्रात धरले जात असे. ४ एप्रिल २०११ च्या दुरुस्तीने व्याख्या बदलली आणि आता सर्व मजले, तळघर आणि सेवाक्षेत्र मिळून होणारे आच्छादित क्षेत्र धरले जाते. तरीही जुन्या नमुन्यावरून उतरवलेल्या अर्जांत उघडे वाहनतळ बांधीव क्षेत्र म्हणून दाखवलेले असते आणि मग विनाकारण मोठ्या गटातली प्रक्रिया मागे लागते. पण वाहनतळ बांधीव क्षेत्रातून सुटले म्हणजे हिशेबातूनच सुटले, असे नाही. अटारीचा नाका सुमारे १२० एकरांवर आहे, म्हणजे साधारण साडेअठ्ठेचाळीस हेक्टर. तेवढ्याच आकाराच्या एखाद्या नाक्याला वाहने उभी करण्यासाठी शेजारची चार एकर जमीन जोडली, तर एक वीटही न रचता ५० हेक्टरची रेषा ओलांडली जाते, प्रकल्प ८(ब) मध्ये जातो आणि मग पूर्ण पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अहवाल करावा लागतो. एकरांचे हेक्टर करताना दशांश चिन्हानंतरचे आकडे सोडून देऊ नयेत, ही सूचना हास्यास्पद वाटेल, पण ती अनुभवाने लिहिली आहे.

दुसरी अडचण म्हणजे ‘शंभर किलोमीटरची सूट’. सीमेपासून १०० किलोमीटरच्या आत सगळे माफ असते, असा एक समज ठेकेदारांमध्ये इतका रुजला आहे की त्यावर वाद घालणारा माणूस देशविरोधी ठरायचा तेवढा बाकी राहतो. प्रत्यक्षात दोन वेगवेगळ्या नियमांत दोन वेगवेगळ्या सवलती आहेत. १४ जुलै २०२२ च्या दुरुस्तीने सीमेपासून १०० किलोमीटरपर्यंतच्या, सामरिक आणि संरक्षणदृष्ट्या महत्त्वाच्या महामार्गांना ठरवून दिलेल्या अटींवर पर्यावरण मंजुरीतून वगळले. वनसंवर्धन कायद्यातील दुरुस्ती, जी १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाली, सीमेलगतच्या १०० किलोमीटरमधील राष्ट्रीय महत्त्वाच्या आणि सुरक्षेशी संबंधित रेषीय प्रकल्पांना वनजमिनीच्या परवानगीतून सूट देते, आणि सुरक्षाविषयक सुविधांसाठी १० हेक्टरपर्यंत वेगळी तरतूद करते. तपासणी नाका हा महामार्ग नाही. तो रेषीय प्रकल्पही नाही. रस्ता, रेल्वे किंवा वाहिनी रेषीय असते, गोदाम नसते. नाक्यातला कोणता भाग सुरक्षाविषयक सुविधा ठरेल, हे केंद्र सरकार ठरवते, सल्लागार नव्हे, आणि तसे लेखी पत्र हाती नसेल तर सूट गृहीत धरून पुढे जाऊ नये. शिवाय वनजमिनीची सूट मिळाली तरी पर्यावरण मंजुरीची सूट तिच्याबरोबर आपोआप येत नाही, कारण दोन्हींचे मूळ वेगवेगळ्या कायद्यांत आहे.

येथे आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. २०२० चा अधिसूचनेचा मसुदा अजूनही अनेकांच्या संगणकात आहे, आणि त्यातल्या सीमाभागाच्या तरतुदी किंवा जनसुनावणीसाठीचे २० दिवस कायदा म्हणून उद्धृत केले जातात. तो मसुदा अंतिम झालेला नाही. सुनावणीच्या सूचनेचा कालावधी आजही किमान ३० दिवस आहे. तसेच अनुसूचीच्या ‘सर्वसाधारण अटी’त आंतरराष्ट्रीय सीमेपासून ५ किलोमीटरचा उल्लेख आहे, पण ती आठव्या नोंदीला कशी लागू होते, हा प्रश्न २२ डिसेंबर २०१४ च्या दुरुस्तीपासून न्यायालयांत फिरला आहे. २९ जानेवारी २०२५ ची अधिसूचना आणि तिच्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा ५ ऑगस्ट २०२५ चा निकाल वाचल्याशिवाय अर्ज कोणत्या पातळीवर, राज्याच्या की केंद्राच्या, जाईल, हे लिहू नये. दोन वर्षांपूर्वीच्या यशस्वी अर्जाची प्रत मित्राकडून आणून त्यावर केवळ नावे बदलणे हा आपल्याकडचा आवडता मार्ग आहे, आणि या एका मुद्द्यावर तो हमखास फसतो.

आता तो कागद, जो कोणाकडेच नसतो. इंदूरमधल्या माणसाला जमीन म्हटले की खसरा आणि पटवारी आठवतो, आणि नाका कुठेही असला तरी तसाच उतारा मिळेल असे वाटते. मणिपूरमधील मोरेहचे उदाहरण घ्या. तेथे जानेवारी २०१९ मध्ये एकात्मिक तपासणी नाका सुरू झाला. मोरेह ज्या डोंगरी भागात आहे, तेथे मणिपूरचा १९६० चा जमीन महसूल कायदा सरसकट लागू नाही. जमीन अनेकदा गावाच्या किंवा गावप्रमुखाच्या ताब्यात असते आणि सर्वेक्षण क्रमांक नावाची गोष्टच नसते. त्यामुळे नव्या जमिनीचा उतारा मागत बसण्याऐवजी उपायुक्तांचे प्रमाणपत्र, ग्रामप्राधिकरणाचे पत्र आणि संपादनाची कागदपत्रे असा संच सुरुवातीपासून उभा करावा लागतो. त्यासाठी लागणारा वेळ कोणत्याही वेळापत्रकात दाखवलेला मी पाहिलेला नाही. नियोजित जमीन वनजमीन नाही, असा वनविभागाचा दाखलाही सोबत लागतो आणि तो सहसा शेवटी आठवतो. जमीन वनजमीन असेल, तर २००६ च्या वनहक्क कायद्याची पूर्तता करण्याची जबाबदारी राज्य सरकारवर आहे, हे खरे. पण ‘जबाबदारी राज्याची’ याचा अर्थ ग्रामसभेचा ठराव अनावश्यक झाला, असा काढून गप्प बसणाऱ्यांचा वनजमिनीच्या परवानगीचा अंतिम आदेश तिथेच थांबतो. मोरेहच्या परिसरात यांगौपोकपी-लोकचाओ अभयारण्यही आहे. जमीन अभयारण्यात किंवा त्याच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात येत असेल, तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीचा वेगळा रस्ता आहे.

जनसुनावणीविषयी थोडक्यात. बांधकाम प्रकल्पांना ती साधारणपणे लागत नाही. म्हणून गावाला काही कळवायचेच नाही असे नव्हे, एवढे सांगून पुढे जातो.

पूर्ण मूल्यांकन अहवाल करायचा असेल, तर पायाभूत माहितीसाठी पावसाळा सोडून तीन महिन्यांचा एक हंगाम मोजावा लागतो. हवेचे नमुने आठवड्यातून दोनदा, असे सलग बारा आठवडे घ्यायचे असतात. कागदावर हे सोपे वाटते. मणिपूर किंवा मिझोरमसारख्या राज्यांत मात्र आपल्या पथकाला आधी इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्या माणसाला राज्यात येण्याचा परवाना, घ्यावे लागते, ते मुदतीचे असते आणि बारा आठवड्यांत त्याचे नूतनीकरण करावे लागू शकते. पिण्याच्या पाण्यातील जिवाणूंचे नमुने बर्फात ठेवून शक्यतो चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोहोचले पाहिजेत, आणि मोरेहहून इम्फाळ सुमारे ११० किलोमीटर घाटरस्त्यावर आहे. ते नमुने विमानाने इंदूरला आणून तपासण्याची कल्पना मला एका गृहस्थांनी खरोखर सुचवली होती. मान्यताप्राप्त स्थानिक प्रयोगशाळेशी आधी करार करावा. मे महिन्यात परमिटच्या रांगेत उभे राहिलात, तर मोजणीचे पुढचे दिवस पावसात जातात आणि अहवाल ऑक्टोबरनंतर ढकलला जातो.

नकाशाचीही गंमत आहे. अर्जासोबत स्थळनकाशा लागतो, पण सीमेलगतच्या बहुतेक भागांचे भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलाकृतिक नकाशे प्रतिबंधित गटात असतात. ते खासगी सल्लागाराला दुकानातून मिळत नाहीत. अर्जदार सरकारी संस्थेने स्वतःच्या पत्राने मागवावे लागतात. केएमएल फाईल (जागेच्या हद्दीची डिजिटल नकाशा-फाईल) तयार करताना उपग्रह-प्रतिमेवर दिसणारी सीमारेषा खरी मानू नये. बांगलादेशच्या बाजूला तर १९७५ च्या संयुक्त मार्गदर्शक सूचनांनुसार सीमेपासून १५० यार्डांच्या आत संरक्षणात्मक स्वरूपाचे बांधकाम करता येत नाही, आणि कोणते बांधकाम तसे आहे यावर दोन्ही बाजूंच्या सीमादलांत मतभेद होऊ शकतात. आक्षेप आला की आराखडा मागे सरकतो, आराखडा सरकला की बांधीव क्षेत्र बदलते, आणि आधी दिलेला आकडा खोटा ठरतो. म्हणून सीमादलाशी झालेल्या चर्चेचे टिपण आल्यानंतरच अर्ज भरणे शहाणपणाचे ठरते.

मुदतीविषयीचा सर्वात महाग गैरसमज १०५ दिवसांचा आहे. समितीला ६० आणि प्राधिकरणाला ४५ दिवस दिलेले आहेत, हे बरोबर. पण ही मोजणी पूर्ण कागदपत्रे मिळाल्यापासून सुरू होते, पोर्टलवर बटण दाबल्यापासून नव्हे. त्रुटी काढून अर्ज परत आला की घड्याळ पुन्हा शून्यावर येते, आणि त्रुटी एकाच वेळी सांगण्याची सवय सरकारी कार्यालयांना अजून लागलेली नाही. एक भरून दिली की दुसरी येते. १०५ दिवस उलटले म्हणजे मंजुरी मिळालीच, असे समजून काम सुरू करणारे अर्जदार तर थेट उल्लंघनाच्या प्रकरणात अडकतात. अधिसूचनेतली तरतूद एवढीच आहे की, समितीची शिफारस झाली असेल आणि प्राधिकरणाने मुदतीत निर्णय कळवला नाही, तर त्या शिफारशीच्या अटींवर पुढे जाता येते. शिफारसच झालेली नसेल तर पुढे जायला आधारच नाही. मंजुरीपूर्वी जमीन सुरक्षित करण्यापलीकडे, म्हणजे कुंपण घालण्यापलीकडे, सपाटीकरणही करू नये.

प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना संमती, भूजल वापराचे ना-हरकत पत्र आणि सांडपाणी प्रक्रियेचा तपशील नेहमीप्रमाणेच. जनित्रांची क्षमता मात्र खरी लिहावी, कारण वीज खंडित होणाऱ्या जागी ती दिवसभर चालतात.

मंजुरी मिळाल्यानंतर अटींच्या पूर्ततेचे अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबर रोजी द्यायचे असतात, आणि मंजुरी मिळाल्याची जाहिरात प्रकल्पस्थळाच्या भागातील दोन वर्तमानपत्रांत, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील, सात दिवसांत द्यायची असते. ईशान्येतल्या एका नाक्याच्या मंजुरीची जाहिरात इंदूरच्याच वर्तमानपत्रांत छापून तिचे कात्रण फाईलला जोडलेले मी पाहिले आहे. ते कात्रण छान लॅमिनेट केलेले होते, आणि पूर्ततेचा पहिला अहवाल त्याच कारणाने परत आला होता.