व्हॅम्पायरच्या थडग्यात काय दिसलं?

१७२५ साली सर्बियातल्या किसिलेवो गावात आठ दिवसांत नऊ माणसं दगावली. मरण्यापूर्वी त्यांनी एकच गोष्ट सांगितली: दहा आठवड्यांपूर्वी पुरलेला पेटार ब्लागोयेविच झोपेत येऊन गळा दाबतो. तो भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याच्या साम्राज्यात होता. गावकऱ्यांनी फ्रोम्बाल्ड नावाच्या अधिकाऱ्याला बजावलं, हा व्हॅम्पायर आहे, म्हणजे थडग्यातून उठून जिवंतांचं रक्त पिणारा मुडदा; थडगं उघडू द्या, नाहीतर आम्ही गाव सोडतो.

फ्रोम्बाल्डने स्वतः जाऊन जे पाहिलं ते लिहून ठेवलं. प्रेताला दुर्गंधी नव्हती. केस, दाढी वाढल्यासारखी दिसत होती, जुनी कातडी सोलून खाली नवी आली होती, तोंडात रक्त होतं. गावकऱ्यांनी छातीत टोकदार लाकूड ठोकलं आणि प्रेत जाळून टाकलं.

हे वर्णन मला फार मोलाचं वाटतं, कारण यातलं बहुतेक सगळं न्यायवैद्यकाच्या डॉक्टरांच्या ओळखीचं आहे. मृत्यूनंतर आतड्यातले जिवाणू वायू तयार करतात, पोट फुगतं, त्या दाबाने लालसर काळा द्रव तोंडा-नाकातून बाहेर येतो. वरची त्वचा सुटली की खालचा थर ताजा दिसतो. त्वचा आक्रसली की दाढीचे खुंट वर येतात. केस वाढलेले नसतातच. थंड मातीत खोल पुरलेलं प्रेत तर फारच सावकाश कुजतं.

१७३२ च्या जानेवारीत सर्बियातल्याच मेद्वेजा गावी लष्करी शल्यचिकित्सक योहान फ्ल्यूकिंगर याने अशीच थडगी उघडून तपासली. त्यात साठीची मिलित्सा होती. जन्मभर काटकुळी असलेली ही बाई थडग्यात अंगाने भरलेली दिसली, तेव्हा तिला ओळखणारे लोक चक्रावून गेले. रक्त पिऊन ती धष्टपुष्ट झाली, असं त्यांना वाटलं. तिचं अंग वायूने फुगलं होतं. याच गावच्या आर्नोल्ड पाओलेच्या प्रेताच्या छातीत काही वर्षांपूर्वी खुंटा ठोकला, तेव्हा तो कण्हल्याचं सांगत. कोंडलेला वायू स्वरयंत्रातून सुटला की असा आवाज होऊ शकतो.

या लोकांना अडाणी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं खरं होतं. घरात माणसामागून माणूस का जातं, हे मात्र त्यांना कोण सांगणार? जंतूंमुळे रोग होतात हे कळायला दीडशे वर्षं होती. १७५५ मध्ये हॅब्सबर्ग सम्राज्ञी मारिया थेरेसाने आपले वैद्य व्हान स्वीटन यांच्या अहवालावरून प्रेतं उकरण्यावर बंदी घातली. तरी भीती गेली नाही. १८९२ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये क्षयाने गेलेल्या एकोणीस वर्षांच्या मर्सी ब्राउनचं हृदय जाळून त्याची राख तिच्या आजारी भावाला पाजली. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवून दिल्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती. भाऊ मे महिन्यात गेला.

साहित्यात शिरताना व्हॅम्पायरचं रूप पालटलं. गावाकडचा फुगलेला, लालबुंद शेतकरी मागे पडला आणि १८१९ मध्ये जॉन पोलिडोरीच्या कथेत फिकट चेहऱ्याचा उमराव आला. १८९७ चा ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला त्याच घराण्यातला. तो दिवसाही हिंडू शकतो. उन्हाने व्हॅम्पायर मरतो ही कल्पना रुजवली ती १९२२ च्या ‘नोस्फेरातू’ या जर्मन मूकपटाने.