मेंढीची शेपटी : प्रकार आणि छाटणी

मेंढ्यांच्या जाती ओळखताना लोकरीबरोबर शेपटीही पाहतात. आखूड बारीक, लांब बारीक, चरबीदार शेपटी आणि चरबीदार पुठ्ठा असे ढोबळ चार गट आहेत.

दिवाळीनंतर घाटावरून धनगरांचे वाडे मुरबाड-शहापूरकडे उतरतात आणि कापणी झालेल्या भातखाचरांत खतासाठी मेंढ्या बसवल्या जातात. या बहुतेक दख्खनी, पहिल्या गटातल्या. त्यांची शेपटी आखूड, बारीक आणि लोकर भरड असते. बकरी ईदच्या सुमारास मुंब्रा-भिवंडीकडे विक्रीला येणारा दुंबा मात्र चरबीदार गटातला. कोरड्या मुलखात चारा संपला की उंटाच्या मदारीसारखी ही चरबी कामी येते. पश्चिम आशियातली आवासी, मध्य आशियातली काराकुल याच प्रकारच्या. चरबी पुठ्ठ्यावर साठवणारी हिसार जात ताजिकिस्तानातली.

शेपटी छाटण्याची प्रथा मुख्यतः लांब, लोकरीने भरलेल्या शेपटीसाठी आहे, उदाहरणार्थ मेरिनो. पातळ लेंडी आणि लघवीने तिथली लोकर चिकट, ओली राहते, माश्या त्यावर अंडी घालतात आणि अळ्या थेट कातडीत शिरतात. आपल्याकडे याला ‘आसाडी पडणे’ म्हणतात. ऑस्ट्रेलियात हे मोठे संकट आहे. याउलट आइसलँडिक, शेटलँड, फिनिश मेंढ्यांची शेपटी जात्याच आखूड असल्याने ती कापत नाहीत.

छाटायचीच तर कोकरू अगदी लहान असतानाच. ब्रिटनमध्ये भूल न देता शेपटीवर घट्ट रबरी कडे चढवण्याची (त्याने रक्तपुरवठा तुटून पुढचा भाग गळून पडतो) मुभा फक्त पहिल्या 7 दिवसांत आहे, आणि मादीची योनी झाकली जाईल इतकी शेपटी ठेवणे बंधनकारक आहे. शेपटी अगदी बुडातून कापली तर गुदद्वाराला आधार देणारे स्नायू दुबळे होतात व पुढे आतडे बाहेर येण्याचा धोका वाढतो. देखणेपणासाठी इतकी आखूड शेपटी करणे निव्वळ क्रौर्य आहे.

दख्खनी मेंढीची शेपटी छाटण्याचे काहीच कारण नाही. मागचा भाग सारखा बरबटत असेल तर दोष शेपटीचा नसतो. लेंडी तपासून जंताचे औषध द्यावे, ओला कोवळा चारा एकदम पोटभर देऊ नये आणि शेपटीभोवतीची लोकर कातरून घ्यावी. पावसाळ्यात रोज शेपटी उचलून पाहावी. विक्रीच्या नरांबाबत आणखी एक गोष्ट आहे : शेपटीचा मोठा भाग कापलेले जनावर सुन्नी मुस्लिमांच्या हनफी परंपरेत कुर्बानीला चालत नाही, त्यामुळे ईदच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक मिळणे कठीण.