दोन्ही डब्यांवर १०७७

लेगोच्या मिनी कूपरमध्ये, म्हणजे तुकडे जोडून बांधायच्या खेळण्यातल्या गाडीत, १०७७ तुकडे आहेत. लेगोच्याच डॉज चार्जरमध्येही १०७७. दोन्ही जुन्या, नावाजलेल्या गाड्या, आणि दोन्ही डब्यांवर तोच लाल चौकोनी शिक्का. त्यामुळे कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या एका वहिनींनी दादांच्या पन्नाशीला भेट म्हणून चार्जर आणली, यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. दादांनी माझ्याकडची मिनी तीन-चारदा हातात घेतली होती, तिची दारं उघडून आत डोकावून पाहिलं होतं. वहिनींना वाटलं, गाडीचं नाव वेगळं असलं तरी वस्तू तीच.

रात्री साडेदहाला फोन आला. "भाऊजी, ह्यात विटाच नाहीत. नुसत्या भोकं पाडलेल्या पट्ट्या आणि काळ्या खुंट्या. डुप्लिकेट तर नसंल?"

डुप्लिकेट नव्हता. मिनी ही 'क्रिएटर एक्स्पर्ट' मालिकेतली, जिला आता 'आयकॉन्स' म्हणतात. चार्जर 'टेक्निक' मालिकेतली. तुकड्यांचा आकडा योगायोगानं जुळला एवढंच. आत मात्र दोन वेगळे धंदे आहेत, आणि एकाच्या मापानं दुसऱ्याला मोजलं की दोन्ही गाड्यांवर अन्याय होतो.

मला हा फरक शिवाजी उद्यमनगरात कळला. माझे थोरले चुलते, तात्या, यांचं तिथं गॅरेज होतं. शेडच्या डाव्या अंगाला डेंटर बसायचा, उजव्या अंगाला मेकॅनिक. डेंटर डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवायचा. मेकॅनिक कान लावायचा. दोघं एकाच पद्मिनीवर काम करायचे, पण एकाला जी गाडी दिसायची ती दुसऱ्याला दिसायची नाही. कुणी डेंटरला "गिअर अडकतोय" म्हटलं तर तो मान वर न करता उजवीकडं बोट दाखवायचा.

मिनी ही डेंटरची गाडी आहे. चार्जर मेकॅनिकची.

हे मुळात तुकड्याच्या मापातच आहे. आज आपण ओळखतो त्या लेगोच्या विटेचा पेटंट अर्ज २८ जानेवारी १९५८चा, कंपनी डेन्मार्कमधल्या बिलुंडची. विटेच्या डोक्यावर जे गोल उंचवटे असतात त्यांना आम्ही बटणं म्हणतो. दोन शेजारच्या बटणांच्या मध्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर. विटेची उंची मात्र ९.६ मिलिमीटर. आडवं माप एक आणि उभं दुसरं, त्यामुळे वीट कुशीवर झोपवली की शेजारच्या उभ्या विटेशी तिचा हिशेब बसत नाही. पण पातळ तुकडा, म्हणजे प्लेट, ३.२ मिलिमीटरची असते. अशा पाच प्लेटी एकावर एक ठेवल्या की होतात १६. आणि दोन बटणांची जागा, आठ दुणे, तीही १६. या सोळावर विटांच्या सगळ्या चांगल्या गाड्या उभ्या आहेत. त्याच्यामुळेच कारागीर काही तुकडे बटणं बाहेरच्या बाजूला करून लावू शकतो, आणि मग दाराचा बाक, हेडलाइटचं गोल खोबण, बंपरची बारीक कड या गोष्टी जमतात. नुसत्या खालून वर रचलेल्या विटांतून गाडी केली तर ती पायऱ्यांची होते, घाटासारखी.

टेक्निकच्या पट्टीला ही अडचणच नाही. भोकापासून भोक ८ मिलिमीटरवर, पट्टीची रुंदी आणि जाडी जवळजवळ तेवढीच. कशीही वळवा, माप बदलत नाही. १९७७ साली ही मालिका आली तेव्हा भोकांच्या तुकड्यांवरही बटणं असायची. आजच्या गुळगुळीत पट्ट्या पुढं रुळल्या. ८ दात्यांचा गिअर २४ दात्यांच्या गिअरला भिडवला की दोघांच्या मध्यांतलं अंतर बरोबर दोन भोकांचं येतं. म्हणजे पुन्हा १६ मिलिमीटर. सांगाडा उभा करायला आणि दात्यात दाता बसवायला याहून चांगलं साधन खेळण्यात मी पाहिलेलं नाही. फक्त पट्ट्यांनी अंग झाकलं जात नाही. फटी राहतात, खिडकीला काच नसते, आणि वहिनींना वाटतं की विटा डब्यात भरायच्याच राहिल्या.

तात्या एका रविवारी घरी आले तेव्हा मी दोन्ही गाड्या टेबलावर ठेवल्या होत्या. त्यांनी आधी चार्जर उचलली.

"आरं, हिला पत्रा लावायचा ऱ्हायला का काय?"

"तात्या, मागची चाकं फिरवून बघा."

त्यांनी फिरवली. बॉनेटखाली आठ दट्टे वर-खाली व्हायला लागले. तात्या बोलायचे थांबले. चष्मा लावला, गाडी उलटी केली आणि चाकापासून इंजिनापर्यंतची सगळी वाट बोटानं शोधत गेले. साखळी कुठनं कुठं जाते ते बघितलं. पुढचा सस्पेन्शन दाबून सोडला. खाली एक आधार आहे, तो बाहेर काढला की गाडी पुढची चाकं उचलून उभी राहते. ते त्यांना फारसं रुचलं नाही. मग मिनी घेतली.

"हिचं इंजिन फिरत न्हाय."

"नाही. ती नुसती दिसायला आहे."

"नुसती काय म्हनतोस? हितला बाक बघ की. डेंटरला इचार, ह्यो बाक काढायला किती येळ जातोय ते." आणि त्यांनी मिनीच्या मडगार्डवरून अंगठा फिरवला, तसाच, डोळे मिटून.

मिनी मोजायची ती अशी. खरी गाडी ३.०५ मीटर लांब, १.४० मीटर रुंद, १.३५ मीटर उंच. मॉडेल २५ सेंटिमीटर लांब आहे, म्हणजे प्रमाण साधारण एकास बारा. त्या हिशेबानं उंची ११ सेंटिमीटर हवी, आणि ती ११च आहे. रुंदी साडेअकरा हवी होती; आरशांसकट १४ भरते. आरसे सोडले तरी ती अंगानं थोडी भरलेलीच आहे. फूटपट्टी घेऊन बसणाऱ्याला हा दोष वाटेल. मला वाटत नाही, कारण डोळा रुंदी आधी बघतच नाही. अलेक इसिगोनिस यांनी १९५९ साली ही गाडी आणली तेव्हा इंजिन आडवं बसवलं, चाकं १० इंची घेतली आणि ती चार कोपऱ्यांत ढकलली, म्हणून एवढ्याशा गाडीत चार माणसं ऐसपैस बसू लागली. मिनीची ओळख त्या चार कोपऱ्यांत आहे. मॉडेलमध्ये ते कोपरे अचूक साधलेत, नाक आखूड ठेवलंय, हिरव्या अंगावर पांढरं छप्पर सपाट बसवलंय. मग रुंदीतले काही मिलिमीटर कोण बघतो? छप्पर काढता येतं, डिकीत सहलीची टोपली ठेवलेली असते. ती बसवताना मला दर वेळी आनंद होतो.

माझी एक साधी कसोटी आहे. मॉडेलचा बाजूनं फोटो काढायचा, कॅमेरा चाकाच्या उंचीवर ठेवून, आणि मोबाइलमध्ये तो पूर्ण काळा करायचा. रंग गेला, आरसे गेले, स्टिकर गेले. आता नुसत्या सावलीवरून गाडीचं नाव सांगता आलं तर कारागिरानं काम केलंय. मिनी यात एका क्षणात पास होते. त्यानंतर जवळ जाऊन बघायचं: दाराच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का, शेजारच्या तुकड्यांच्या रंगात फरक पडलाय का, चित्रं छापलेली आहेत की चिकटवलेली. स्टिकर वर्षानुवर्षं टिकत नाहीत, कडा सुटतात. आणि पांढरे तुकडे उन्हात पिवळे पडतात. पश्चिमेच्या खिडकीत ही मिनी ठेवू नका, छपरापासून सुरुवात होईल.

चार्जरला ही सावलीची कसोटी लावली तर ती जेमतेम सुटते. ३९ सेंटिमीटर लांबी, लांब बॉनेट, मागं उतरत जाणारं छप्पर एवढं कळतं, पण काठ तुटक-तुटक. ती काळ्या रंगात काढली हे मात्र फार शहाणपणाचं झालं. काळ्यात फटी बुडतात. शिवाय १९७०च्या खऱ्या चार्जरचं तोंडही काळोखंच असतं, हेडलाइट जाळीमागं झाकलेले. जिथं पट्ट्यांना चेहरा काढता येत नाही तिथं मूळ गाडीनंच मदत केली.

तिला तपासायचं ते हातानं. सपाट फरशीवर अगदी हळू ढकला. मध्येच अडखळली तर कुठंतरी दाता दात्यावर चढतोय किंवा दांडा आवळला गेलाय. स्टिअरिंग थोडं-थोडं फिरवून बघा, चाकं हलायला लागेपर्यंत किती फिरवावं लागतं. त्या मोकळ्या फिरण्याला गॅरेजात 'प्ले' म्हणतात, आणि प्लॅस्टिकमध्ये तो थोडा असणारच. पाव फेरी गेली तर मात्र जोडणीत गडबड आहे. टेक्निकच्या ज्या गाडीत डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची जोडणी, आहे तिची मागची चाकं उचलून एक पुढं फिरवा, दुसरं उलट फिरलं पाहिजे. शेवटी बॉनेट दाबून सोडा. गाडी पुन्हा समपातळीत आली पाहिजे, एका बाजूला कलून राहता कामा नये.

इथंच दोन्हींतला सगळ्यात मोठा फरक लपलाय. मिनीत चूक झाली तर ती डोळ्यांसमोर असते, दोन तुकडे उचकटले की दुरुस्त होते. टेक्निकमध्ये चूक पोटात जाते. माझ्या पहिल्या टेक्निक गाडीत मी एका दांड्यावरचा बुश, म्हणजे दांडा जागेवर धरणारी छोटी कडी, गरजेपेक्षा घट्ट दाबला होता. शेवटच्या पानापर्यंत काही कळलं नाही. गाडी पूर्ण झाली आणि चाकं जड. त्या एका बुशासाठी मला तीन संध्याकाळी गाडी उलट्या क्रमानं उसवावी लागली. तेव्हापासून मी दर वीस-पंचवीस पायऱ्यांनी थांबतो आणि फिरतील तेवढे सगळे दांडे फिरवून बघतो. वहिनींनाही हेच सांगितलं: दादांना घाई करू देऊ नका.

म्हणूनच डब्यावरच्या वयाचं मला कौतुक नाही. मिनीवर १६ वर्षांपुढे लिहिलंय, चार्जरवर १० वर्षांपुढे. त्यावरून चार्जर सोपी समजू नये. तुकड्यांच्या आकड्याचंही तसंच. टेक्निकच्या आकड्यात खुंट्या ढिगानं असतात. पोर्शे ९११ दोन्ही मालिकांत निघाली आहे: २०१६ची टेक्निकची जीटी३ आरएस २७०४ तुकड्यांची, २०२१ची क्रिएटरची जुनी ९११ ही १४५८ तुकड्यांची. जवळजवळ दुप्पट आकडा आहे म्हणून पहिली दुप्पट देखणी नाही. तिच्या पोटात चालता गिअरबॉक्स आहे, तुकडे तिकडं खर्च झालेत.

काही गाड्या मधल्या असतात. २०१९ची फोर्ड मस्टँग, १४७१ तुकड्यांची, अंगानं पूर्ण डेंटरची: गडद निळा रंग, पांढरे पट्टे, खांद्यापासून मागच्या चाकापर्यंत जाणारा बाक. पण तिचं स्टिअरिंग फिरवलं की चाकं खरोखर वळतात. अशी गाडी बघितली की माझे हात शिवशिवतात, कारण मलाही तेच करायचंय, अ‍ॅम्बेसेडरमध्ये.

दसऱ्याला संध्याकाळी दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक येते. लोक सोनं हातात धरून तिच्या लांब बॉनेटकडं, मडगार्डकडं बघत असतात. तात्या शेजारी मान खाली घालून उभे असतात. ते ऐकत असतात. गेल्या दसऱ्याला परतताना ते म्हणाले, "तू अ‍ॅम्बेसेडर बांधतोयस न्हवं? मग नुसता पत्रा नगं."

अ‍ॅम्बेसेडर सुमारे ४.३ मीटर लांब आणि १.६६ मीटर रुंद. मिनीच्याच प्रमाणात बांधायची तर लांबी ४५ बटणं आणि रुंदी सतरा बटणांच्या किंचित वर. सतरा हा विषम आकडा मला आठवडाभर नडला, कारण बॉनेटच्या मधोमध रेघ हवी आणि ती बटणाच्या बरोब्बर डोक्यावर येत होती. मधोमध एकच बटण असलेली प्लेट वापरून मी वरचा थर अर्ध्या बटणानं, ४ मिलिमीटरनं सरकवला तेव्हा सुटलं. अंग जमलं. पण तात्यांचं स्टिअरिंग बसवायचं तर विटांच्या पोटात पट्ट्यांचं माप आणायचं, आणि ९.६ला ८नं भाग जात नाही.

उत्तर पुन्हा त्याच आकड्यात सापडलं. भोकाची एक वीट, तिच्यावर दोन प्लेटी, वर पुन्हा भोकाची वीट. ९.६ अधिक ६.४, म्हणजे १६. खालच्या भोकापासून वरच्या भोकापर्यंत पट्टीची दोन भोकं बरोबर बसतात. गाडीच्या तळात मी असे चार खांब केले, त्यात स्टिअरिंगचा दांडा ओवला, आणि आता चाकं वळतात. डावीकडं थोडी कमी वळतात. मडगार्डच्या आतला एक उतरता तुकडा चाकाला लागतोय.

तात्यांनी मागच्या रविवारी ती बघितली. स्टिअरिंग दोन-तीनदा फिरवलं, प्ले बघितला, मडगार्डवरून अंगठा फिरवला. मग आत डोकावून म्हणाले, "गिअरचा दांडा खाली जमिनीत का घातलास? जुन्या अ‍ॅम्बीला स्टिअरिंगवर असायचा." आणि करंगळीच्या टोकानं जागा दाखवली. "हितं."