उन्हाळ्याच्या सुट्टीत घडवलेलं प्रथिन

२००३ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात ब्रायन कुलमन, डेव्हिड बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९३ अमिनो आम्लांच्या साखळीचं एक प्रथिन तयार केलं. नाव ‘टॉप७’. त्याची घडी, म्हणजे साखळी दुमडून येणारा आकार, निसर्गात तोवर कुठेच आढळली नव्हती. आधी संगणकावर आकार ठरवला, मग त्या आकारात दुमडेल असा अमिनो आम्लांचा क्रम शोधला. प्रथिन प्रत्यक्ष बनवून त्याचा स्फटिक तपासला, तेव्हा रचना जवळजवळ तंतोतंत जुळली. त्या काळी हे मोजक्याच प्रयोगशाळांना जमत होतं. आज ठाण्यातल्या कॉलेजात टीवाय बीएस्सीला असलेली मुलगी कळव्याच्या घरी बसून, साध्या लॅपटॉपवर, इंटरनेटवरच्या फुकट सोयी वापरून असा आराखडा एका संध्याकाळी काढू शकते.

मला हा बदल फार मोठा वाटतो, आणि म्हणूनच सुट्टीत या विषयावर प्रोजेक्ट करू पाहणाऱ्या मुलांना एक सांगावंसं वाटतं. आराखडा काढणं सोपं झालंय. तो खरा उतरतो का हे पाहणं मात्र अजून कष्टाचंच आहे. सुट्टीचा मोठा वाटा या दुसऱ्या कामाला द्या.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ही आम्लं मुख्यतः २० प्रकारची. साखळी तयार झाली की दुमडते, आणि तिची घडी कशी पडली यावर तिचं काम ठरतं. अंडं उकडलं की पांढरा भाग घट्ट होतो, कारण उष्णतेने घड्या उलगडतात आणि मोकळ्या साखळ्या एकमेकींत गुंततात. घडीची माहिती साखळीच्या क्रमातच असते, हे ख्रिश्चन आन्फिन्सेन यांनी दाखवलं. त्यासाठी त्यांना १९७२च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. साखळी कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या नाही, याचा नकाशा जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मद्रासमध्ये काम करून १९६३ साली मांडला. आजही नवी रचना तपासताना जगभर ‘रामचंद्रन प्लॉट’ काढतात.

अडचण आहे ती संख्येची. १०० अमिनो आम्लांच्या साखळीचे संभाव्य क्रम मोजले, तर एकावर १३० शून्यं दिल्यावर येते त्याहूनही मोठी संख्या मिळते. दृश्य विश्वातले अणू एकावर ८० शून्यांच्या आसपास आहेत. एकेक क्रम करून पाहणं अशक्यच. इथे संगणक मदतीला येतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेली आरएफडिफ्यूजन ही प्रणाली आकार सुचवते, त्याआधीची प्रोटीनएमपीएनएन त्या आकाराला साजेसे क्रम लिहिते, आणि त्या क्रमातून खरंच तोच आकार येईल का, याचा अंदाज अल्फाफोल्ड देते. २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल याच क्षेत्राला मिळालं: निम्मं बेकर यांना, निम्मं डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना.

अल्फाफोल्ड सोबत ० ते १०० असा गुणही देते. ९०च्या वर गुण दिसले की विद्यार्थी हरखतात. पण हा गुण म्हणजे प्रणालीला स्वतःच्या अंदाजाबद्दल वाटणारी खात्री, मोजमाप नव्हे. जिवाणू हे प्रथिन बनवतील का, ते पाण्यात विरघळेल का, अपेक्षित काम करेल का, याचं उत्तर त्यात नसतं.

ते मिळतं लॅबमध्ये. ठरवलेल्या क्रमाचा जीन, म्हणजे ते प्रथिन बनवण्याची सूचना असलेला डीएनए, बनवून मागवायचा, प्लाझ्मिड नावाच्या छोट्या गोल डीएनएमधून ई. कोलाय जिवाणूंत घालायचा. जिवाणूंचं कल्चर ३७ अंशांवर वाढवायचं, आयपीटीजी हे जीन चालू करणारं रसायन घालून प्रथिननिर्मिती सुरू करायची आणि बहुतेकदा तापमान उतरवून रात्रभर ठेवायचं. कारण घाईने बनलेल्या साखळ्यांची घडी बिघडते. सकाळी पेशी फोडून सेंट्रिफ्यूज, म्हणजे वेगाने फिरवून गाळ खाली बसवणारं यंत्र, फिरवायचा. प्रथिन वरच्या द्रवात आलं तर पुढचा रस्ता मोकळा. तळाच्या गाळात गेलं, तर घडी नीट पडली नाही अशी शंका घ्यायची. मग निकेलच्या कॉलममधून शुद्धीकरण. त्यासाठी प्रथिनाच्या टोकाला आधीच सहा हिस्टिडिन जोडलेली असतात; हे अमिनो आम्ल निकेलला चिकटतं. प्रथिनं वजनानुसार वेगळी करणारं जेल चालवून निळ्या रंगात रंगवलं की अपेक्षित वजनाच्या जागी पट्टी दिसते किंवा दिसत नाही. पट्टी दिसली तरी घडी बरोबर आहे की नाही, हे वेगळं तपासावं लागतं.

जीन हाती यायला कित्येक दिवस, कधी आठवडे जातात. म्हणून आराखडा परीक्षेआधीच संपवून ऑर्डर द्यावी. आणि प्रश्न लहान घ्यावा. कपडे धुण्याच्या पावडरीत डागांतली प्रथिनं तोडणारी प्रोटिएज एन्झाइम असतात (एन्झाइम म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणारं प्रथिन). साबणात आणि गरम पाण्यात ती टिकावीत म्हणून त्यांच्या काही अमिनो आम्लांत बदल केलेले असतात. असंच एखादं ओळखीचं एन्झाइम घेऊन तीन-चार ठिकाणी बदल सुचवावेत, आणि बदललेलं व मूळ अशी दोन्ही एन्झाइम्स एकाच दिवशी, एकाच तापमानाला तपासावीत. मूळ एन्झाइम सोबत नसेल तर आलेल्या आकड्याला अर्थ नाही. बदललेलं एन्झाइम गाळात गेलं तर तेही वहीत तारखेसह लिहावं. कोणत्या जागी हात लावू नये, हे त्यातूनच कळतं.

या कामासाठी फार लांब जायला नको. खारघरला टाटा स्मारक केंद्राचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. कर्करोगाशी संबंधित प्रथिनांच्या रचनांचा अभ्यास तिथे क्ष-किरण स्फटिकशास्त्राने होतो. ठाण्याहून पनवेल लोकलने खारघर स्टेशनपर्यंत थेट पोहोचता येतं. देशभरातल्या प्रयोगशाळांसाठी तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती आहे. दोन महिने काम, सोबत मानधन. अर्ज मात्र हिवाळ्यातच भरावे लागतात, मार्चमध्ये जाग आली तर उशीर होतो.

या शिष्यवृत्तीसाठी शिक्षकांनाही अर्ज करता येतो, आणि मला ही सोय सर्वांत मोलाची वाटते. ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं भांडं), इनक्युबेटर (जिवाणू वाढवायची उबदार पेटी), सेंट्रिफ्यूज ही उपकरणं मायक्रोबायोलॉजीचा विभाग असलेल्या कॉलेजात बहुधा असतात. जीनचा आणि निकेल कॉलमचा खर्च निघाला, आणि हे काम स्वतःच्या हाताने केलेल्या एक मॅडम किंवा सर विभागात असले, तर कल्चर वाढवण्यापासून जेलपर्यंतचे बरेच टप्पे ठाण्यातल्या कॉलेजातच पार पडू शकतील, तेही सुट्टीची वाट न पाहता.